शिखर दिसले, उपास सुटला

आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर दरवर्षी डिसेंबरात एक कागद लागतो. ‘मराठी विभागाची एकदिवसीय शैक्षणिक सहल’ असे त्याचे शीर्षक असते आणि खाली ठिकाणांची यादी : देवगिरीचा किल्ला, खुलताबादचा भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळची लेणी, पाणचक्की, बीबी का मकबरा, आणि ‘वेळ उरल्यास’ हिमरूची खरेदी. कागदाच्या तळाशी दोन सह्या असतात. त्या आमच्या दोघांच्या. बारा वर्षे आम्ही हा कागद लावत आलो आणि बारा वर्षे त्या यादीत एखादे ठिकाण वाढवता आले तर धन्यता मानत आलो. या लेखात ज्या रीतीवर आम्ही टीका करणार आहोत, तिचे आम्ही नुसते साक्षीदार नाही, कर्तेही आहोत, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : एका दिवसात सहा ठिकाणे पाहता येत नाहीत, ती फक्त उरकता येतात. आणि उरकण्याची ही सवय आपण विद्यार्थ्यांना ‘शिक्षण’ या नावाखाली लावतो आहोत. सहलीचे नियोजन म्हणजे काय काय पाहायचे ते ठरवणे, असा आपला समज आहे. वस्तुतः ते काय काय पाहायचे नाही, हे ठरवण्याचे काम आहे. ते करण्याचे धाडस आपल्यात नाही, म्हणून यादी वाढत जाते.

आधी हिशेब पाहू. आमचे गाव मराठवाड्यातले, तालुक्याचे. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) तिथून तीन-साडेतीन तासांवर. फलकावर सुटण्याची वेळ पहाटे पाचची असते. गाडी पावणेसहाला हलते, कारण कोणीतरी यायचे राहिलेले असते आणि त्याची वाट पाहणे हा आपल्याकडे शिष्टाचार आहे. वाटेत चहा-नाश्ता. साडेनऊच्या सुमारास देवगिरी. तिथे सव्वा तास : चांदमिनारापाशी समूहछायाचित्र, खंदकापर्यंत चालणे, आणि धावत जाऊन बारादरीला हात लावून येणारी चार-सहा मुले. मग भद्रा मारुती, वीस मिनिटे. मग घृष्णेश्वराची रांग, पावणेदोन तास. मग जेवण. पावणेतीन ते सव्वाचार वेरूळ. नंतर शहरात परतून पाणचक्की आणि दिवे लागता लागता मकबरा. घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेअकरा. पावणेअठरा तासांच्या दिवसातले आठाहून अधिक तास गाडीत, चारएक तास रांगा, जेवणे आणि मुलांची मोजदाद यांत, आणि उरलेले पाचएक तास सहा ठिकाणांना वाटून. वेरूळची लेणी चौतीस आहेत. नव्वद मिनिटांना चौतिसांनी भागले, तर चालणे धरून दर लेण्याला जेमतेम अडीच मिनिटे येतात. त्यांतले सोळावे लेणे म्हणजे कैलास. डोंगराच्या उरात वरून खाली कोरत नेलेल्या त्या मंदिराच्या नुसत्या प्रांगणाची लांबी पावणेतीनशे फुटांच्या आसपास आहे. ते प्रांगण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नुसते चालत जाऊन परत येण्यातच अडीच मिनिटे जवळपास संपतील.

कैलासाविषयी मराठीत एक जुनी कथा आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त ती येते. राजाला असाध्य व्याधी जडली होती. ती बरी झाली तर शिवाचे मंदिर बांधीन असे राणीने घृष्णेश्वराला बोलले होते. राजा बरा झाला. राणीने मग हट्ट धरला की मंदिराचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत आपण अन्न घेणार नाही. स्थपती हवालदिल झाले; पाया, भिंती, मग शिखर, म्हणजे कित्येक महिने जाणार, आणि तोवर राणी जगणार कशी? तेव्हा कोकस नावाचा स्थपती पुढे झाला. त्याने डोंगर माथ्यावरून कोरायला घेतला, सात दिवसांत शिखर दाखवले आणि राणीचा उपास सुटला.

ही कथा आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली आहे आणि दरवेळी कोकसाच्या चातुर्याला दाद घेतली आहे. अलीकडे मात्र ती आम्हाला निराळी दिसू लागली आहे. शिखर दिसल्यावर राणी जेवली. पण कोकस तिथे थांबला नाही. शिखराखालचे सभामंडप, हत्ती, पूल, स्तंभ, ओसऱ्या, सारे अजून दगडातच होते. कथेतल्या घाईला उत्तर देऊन झाल्यावर खरे काम सुरू झाले. इतिहास आपल्याला सांगतो की हे लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, आठव्या शतकाच्या उत्तरार्धातले. त्याच घराण्याच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाच्या बडोदे ताम्रपटात (इ.स. ८१२-१३) या मंदिराचा गौरव आहे. आकाशातून जाणारे देवही ते पाहून थबकले आणि खुद्द घडवणाऱ्यालाच आपण हे कसे घडवले याचा विस्मय वाटला, अशा आशयाचे ते वर्णन आहे. घडवणारा स्वतःच्या कृतीपुढे विस्मित होऊन उभा राहिला. आणि आम्ही? आम्ही शिट्टी वाजवून सांगतो, ‘चला, चला, पुढचं ठिकाण राहील.’ आमच्या सहलीत प्रत्येक ठिकाणाचे शिखर तेवढे दिसते आणि सगळ्यांचा उपास सुटतो. खालचे मंदिर दगडातच राहते.

यावर आमच्या सहकाऱ्यांनी घेतलेले आक्षेप आम्ही येथे टाळू इच्छित नाही, कारण त्यांतला एक खरोखर वजनदार आहे. तो असा : ‘तुम्हाला बोलायला काय जाते? तुम्ही दहा वेळा जाऊ शकता. आपल्या वर्गातली निम्मी मुले ऊसतोड मजुरांची, कोरडवाहू शेतकऱ्यांची. सहाशे रुपये वर्गणी भरताना त्यांच्या घरी काय चर्चा होते ते आपल्याला ठाऊक आहे. एस.टी.ची सवलत नसती तर तीही भरता आली नसती. ही मुले आयुष्यात पुन्हा कधी तिकडे जाणार? मग एकदाच जाताहेत तर सगळे दाखवून आणू या की!’ या युक्तिवादात कळकळ आहे. बारा वर्षे आम्हीही याच कळकळीने यादी लांबवत होतो. तो खोडून काढायला आमच्यापाशी तात्त्विक उत्तर नव्हते. उत्तर मिळाले ते एका सुजलेल्या पायामुळे.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. देवगिरी उतरताना द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा पाय मुरगळला. वेरूळला पोहोचेपर्यंत घोटा चांगलाच सुजला. कैलासाच्या प्रांगणापर्यंत ती मैत्रिणींच्या खांद्यावर हात टाकून कशीबशी आली. पुढे चालणे शक्यच नव्हते. बाकीचा जथा जैन लेण्यांच्या दिशेने निघून गेला आणि आमच्यापैकी एकीला तिच्याबरोबर मागे थांबावे लागले. सव्वा तास त्या दोघी प्रांगणाच्या एका कडेला बसून होत्या. आधी दोघींनाही वाईट वाटत होते : एकीला सहल चुकली म्हणून, दुसरीला जबाबदारी अडली म्हणून.

सहलीनंतर प्रत्येकाने वृत्तान्त लिहून द्यायचा, असा आमचा दंडक. त्या वर्षी अडतीस वृत्तान्त आले. त्यांतले सदतीस एकच होते. सगळ्यांत गाडी पहाटे निघाली, सगळ्यांनी गाण्यांच्या भेंड्या खेळल्या, सगळ्यांचे मन कैलास लेणे पाहून ‘भारावून गेले’ आणि सगळे ‘अविस्मरणीय आठवणी’ घेऊन परतले. त्या अविस्मरणीय आठवणींत एकाही मूर्तीचे नाव नव्हते, एकाही खांबाचा आकार नव्हता. त्यांना दोष कसा द्यावा? अडीच मिनिटांत मन भारावण्यापलीकडे काय करू शकते?

अडतिसावा वृत्तान्त त्या पाय मुरगळलेल्या मुलीचा होता. त्यात गाडी नव्हती आणि भेंड्याही नव्हत्या. मंदिर पाठीवर घेतल्यासारखे उभे असलेले जोत्याचे हत्ती तिने एकेक करून पाहिले होते. कोणाची सोंड तुटली आहे, कोणाची शाबूत आहे, हे तिने लिहिले होते. उन्हाची कड हळूहळू वर सरकत गेली तसतसे खालचे हत्ती सावलीत बुडत गेले, हे तिने पाहिले होते. दगडावर मधूनच पांढरट गिलावा दिसतो, म्हणजे हे मंदिर एकेकाळी काळे नसावे, असा तर्क तिने स्वतःच्या बुद्धीने केला होता, आणि तो बरोबर होता. जिन्याशेजारच्या भिंतीवर रामायण-महाभारताचे प्रसंग ओळींवर ओळी मांडून कोरलेले आहेत. त्यांविषयी तिने लिहिले की ही भिंत पोथीच्या पानासारखी वाचावी लागते. दक्षिणेकडे कैलास पर्वत हलवू पाहणाऱ्या रावणाचे प्रसिद्ध शिल्प आहे. बाईंच्या हाताचा आधार घेऊन ती तेवढ्यापुरती तिथवर गेली होती. तिथे येणारा प्रत्येक जण रावणाकडे बोट दाखवून पुढे जातो. तिने लिहिले होते ते वर, पार्वतीच्या मागे घाबरून पळत सुटलेल्या दासीविषयी. ‘पर्वत हलला की पार्वतीला धरायला शंकर आहे. दासीला धरायला कोणी नाही, म्हणून ती पळते,’ हे तिचे वाक्य. आम्ही दोघांनी मिळून पंचेचाळीस वर्षे साहित्य शिकवले आहे. त्या शिल्पाविषयी इतके नेमके वाक्य आमच्या हातून एकदाही लिहून झालेले नाही.

आणि कबूल करायला हवे ते हे, की तिच्याजवळ बसलेली आमच्यापैकी जी होती, तिनेही ती दासी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. बारा वर्षे दरसाल तिथे जाऊनही.

आता त्या वजनदार आक्षेपाकडे वळू. ‘पुन्हा कधी जाणार?’ ती मुलगी गेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाला घेऊन, एस.टी.ने, फक्त कैलास पाहायला. तिने आम्हाला सांगितले तेव्हा तिच्या बोलण्यात काही विशेष केल्याचा भाव नव्हता. ‘त्याला हत्ती दाखवायचे होते’ एवढेच कारण. उरलेल्या सदतीस जणांपैकी कोणी पुन्हा गेल्याचे आमच्या कानावर नाही. जायचे कशाला? त्यांचे ‘पाहून झाले’ होते. आमच्या भाषेतला हा प्रयोग किती बोलका आहे! जे पाहिले ते पुन्हा ओढते. जे पाहून झाले ते पुन्हा बोलावत नाही. गरीब विद्यार्थ्याला एकाच दिवसात सगळे दाखवण्याची आमची करुणा प्रत्यक्षात त्याच्यासाठी सहाही दारे एकदम बंद करून टाकते. श्रीमंताघरच्या मुलाला एक जागा निवांत पाहायला मिळावी आणि गरिबाच्या मुलाने सहा जागा धावत पाहाव्यात, यालाच समान संधी म्हणायचे असेल, तर ती संधी आम्हाला नको.

दुसरा आक्षेप प्रशासनाचा. मूल्यांकनाच्या फायलीत सहलीचा अहवाल लावावा लागतो. त्यात अक्षांश-रेखांश उमटलेली छायाचित्रे लागतात. ठिकाणे जितकी जास्त तितकी छायाचित्रे जास्त, आणि तितका अहवाल जाड. हा आक्षेप आम्ही खोडणार नाही. तो स्वतःच स्वतःला खोडतो. छायाचित्रावर अक्षांश उमटतो, रेखांश उमटतो. तिथे उभ्या असलेल्या मुलाने काय पाहिले, हे काही उमटत नाही. मग अहवाल कशाचा?

परंतु घाईचे याहून मोठे नुकसान आहे आणि ते केवळ सौंदर्यदृष्टीचे नाही. घाईत पाहणाऱ्याला इतिहास दिसत नाही. त्याला फक्त घोषणा ऐकू येते. देवगिरीचे उदाहरण घ्या. सव्वा तासात मुलांच्या पदरी एकच वाक्य पडते : ‘हा अजिंक्य किल्ला फंदफितुरीने पडला.’ इ.स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, यादवांचे मुख्य सैन्य बाहेर होते, आणि गडावर धान्य म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाल्याची कथा पुढे सांगितली जाऊ लागली. मीठ निघाले, यात फितुरी किती, गाफीलपणा किती आणि कथाकाराची करामत किती, हा विचार करायला मुळात थांबावे लागते. किल्ल्याच्या खालच्या आवारातच भारतमातेचे मंदिर आहे. त्याचे खांब जुन्या मंदिरांचे, वास्तू खिलजींच्या काळात उभी राहिलेली मशिदीची आणि आतली मूर्ती हैदराबाद संस्थानच्या विलीनीकरणानंतर बसवलेली. सहाशे-सातशे वर्षांचे तीन थर एका चौकात उभे आहेत. तिथे दोन मिनिटे थांबणारा माणूस आपल्या आवडीचा एक थर उचलतो आणि गाडीत येऊन बसतो. तासभर थांबणाऱ्यालाच तिन्ही थर एकमेकांशी बोलताना ऐकू येतात. वर चिनी महाल आहे. गोवळकोंडे १६८७ मध्ये पडल्यावर तिथला अखेरचा सुलतान तानाशाह इथे कैदेत होता. त्याहून वर, माथ्याकडे, जनार्दनस्वामींचे स्थान. परंपरा सांगते की ते या गडाचे किल्लेदार होते आणि पैठणचा एक मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला, तो एकनाथ. ज्या मराठी विभागाची ही सहल, त्या विभागाला नाथांच्या गुरुगृहापर्यंत चढायला वेळ नसतो, कारण पुढे हिमरूची दुकाने आठला बंद होतात.

खुलताबादचे काय सांगावे? आमच्या यादीत तिथला केवळ भद्रा मारुती आहे. निद्रिस्त हनुमानाची ती मूर्ती अवश्य पाहावी. पण त्याच गावात मलिक अंबरचा मकबरा आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला आणि ज्या शहरात आपण संध्याकाळी चहा पितो ते त्याने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले. त्याच गावात सूफी संतांचे दर्गे आहेत आणि त्यांतल्या एकाच्या आवारात औरंगजेबाची, वर छप्पर नसलेली, साधी कबर आहे. २०२५ च्या मार्चमध्ये या कबरीवरून राज्यभर वाद पेटला, तेव्हा आमच्याच वर्गात हिरिरीने बोलणाऱ्या मुलांपैकी एकानेही ती पाहिलेली नव्हती. ती आमचीच मुले. आमचीच गाडी त्यांना दरवर्षी त्या गावातून घेऊन गेली होती. थांबलो असतो तर त्यांचे मत बदलले असते असा आमचा दावा नाही. मत त्यांचे, ते त्यांनी ठरवावे. पण न पाहिलेल्या वस्तूविषयी ठाम मत बाळगायला आपण त्यांना शिकवले, ही जबाबदारी आम्हाला झटकता येत नाही. न थांबण्याचे कारण म्हणून आम्ही वेळेकडे बोट दाखवत होतो. खरे तर त्यात भीतीही होती. घाईच्या आड ती सोयीस्कर लपत होती.

कोणी म्हणेल, याद्या तर आपल्या परंपरेतच आहेत. बारा ज्योतिर्लिंगे, अष्टविनायक, साडेतीन पीठे, ही काय आहेत? यादीच ना? मान्य. पण त्या याद्या आयुष्यासाठी होत्या, एका रविवारासाठी नव्हत्या. आज ‘एका दिवसात अष्टविनायक’ अशा जाहिराती आपण बिनदिक्कत वाचतो. ज्या यात्रेचा आरंभ आणि सांगता दोन्ही मोरगावी व्हावी असा प्रघात, तिचे हे रूप. वारकरी आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट तीन आठवडे चालतो. गाडीने ती वाट काही तासांची आहे, हे त्याला ठाऊक नाही असे का कोणाला वाटते? तो चालतो, कारण वाट हाही पंढरीचाच भाग आहे.

आणि आम्हा मराठीच्या शिक्षकांना तर याहून लाजवणारे उदाहरण घरचेच आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ आम्ही पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. श्रीचक्रधरस्वामी कोणत्या गावी थांबले, तिथल्या देवळाचे दार कोणत्या दिशेला, स्वामी कोठे बसले, जवळ काय होते, याची ती नोंद. स्थळ पाहण्याची मराठीतली ही केवढी जुनी शिस्त! भक्तांनी नुसते ‘मन भारावून गेले’ असे लिहिले असते तर ती स्थाने आज सापडली नसती. वेरूळशी चक्रधरांचा संबंध ‘लीळाचरित्रा’तून आपल्याला ठाऊक आहेच. म्हणजे ज्या भूमीविषयी आपल्या गद्याच्या आरंभकाळी बारकाईने लिहिले गेले, त्याच भूमीवर आम्ही पदवीच्या विद्यार्थ्यांना नेतो आणि त्यांच्याकडून ‘अविस्मरणीय’ या एका शब्दात वृत्तान्त घेऊन येतो. भाषा कुठे बिघडते, याचा शोध आपण समित्या नेमून घेतो. ती इथे बिघडते. न पाहिलेल्या गोष्टींविषयी लिहायला लावले की भाषेत पोकळ विशेषणांखेरीज काही उरत नाही.

तेव्हा करावे काय? आमचा प्रस्ताव साधा आहे : एक दिवस, एक जागा. पदवीची किमान तीन वर्षे असतात. तीन वर्षांत तीन जागा. पहिल्या वर्षी वेरूळ, दुसऱ्या वर्षी देवगिरी, तिसऱ्या वर्षी पैठण. वेरूळचा दिवस असा आखता येईल. मंगळवारी लेणी बंद असतात आणि सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी. हे दोन वार टाळावेत. गाडी थेट वेरूळला न्यावी, वाटेत कोठे उतरू नये. ज्यांना दर्शन घ्यायचे त्यांनी सकाळीच घ्यावे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारलेले हे मंदिर लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. वेरूळ हे मालोजीराजांचे गाव, हेही तिथेच सांगावे. मग दुपारपर्यंत बौद्ध लेणी, तीही बाराच्या बारा नव्हेत. दहाव्या लेण्यात लाकडी तुळयांसारख्या कोरलेल्या दगडी फासळ्यांखाली बसावे आणि लाकडाची सवय दगडात कशी उतरली यावर बोलावे. बाराव्यातल्या तीन मजल्यांवर चढावे. जेवण. नंतरचा सारा वेळ कैलासाला. ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. दुपारनंतरचा उजेड त्यांच्या तोंडावर पडतो, आणि आम्ही बारा वर्षे नेमक्या त्याच वेळी परतीची शिट्टी फुंकत होतो. प्रत्येकाला एक शिल्प, एक खांब किंवा एक हत्ती नेमून द्यावा. त्याच्यासमोर अर्धा तास बसायचे, भ्रमणध्वनी पिशवीत. वृत्तान्त लिहायचा तो फक्त त्या एका वस्तूचा. जैन लेणी राहतील. राहू द्यावीत. राहिलेली गोष्ट हेच पुन्हा येण्याचे कारण असते.

सहलीआधी वर्गात दोन तास द्यावेत : कोकसाची कथा, एखादी लीळा, एक नकाशा. एवढी शिदोरी पुरे.

हा प्रस्ताव आम्ही विभागाच्या बैठकीत मांडला. ‘सहाशे रुपयांत एकच ठिकाण? पालक काय म्हणतील?’ असा प्रश्न आला. आम्ही म्हणालो, एकच ठिकाण असेल तर डिझेल कमी लागेल आणि वर्गणी पाचशेवर येईल. साहित्याच्या विभागात एवढी चर्चा होऊन शेवटी प्रस्ताव मंजूर झाला तो या शंभर रुपयांच्या बळावर, हेही लपवण्यात अर्थ नाही. येत्या डिसेंबरात फलकावर लागणाऱ्या कागदावर एकच नाव असेल.

देवगिरीवरच घडलेली म्हणून एक गोष्ट सांगतात. जनार्दनस्वामींनी एकनाथांना हिशेब पाहायला बसवले होते. एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले आणि पहाटे ती पै सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गुरू म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता लावलीस, ती परमार्थाला लाव म्हणजे झाले. आमच्या सहलींच्या हिशेबात बारा वर्षे अशीच एक पै चुकत होती. वर्गणी जुळत होती, पावत्या जुळत होत्या, मुलांची मोजदाद जुळत होती. मुलांनी काय पाहिले, तेवढे जुळत नव्हते. टाळी वाजवायला अजून अवकाश आहे. पण चूक कोणत्या पानावर आहे, ते आता आम्हाला कळले आहे.